भाविनाबेनची गोष्ट स्कोअरमधून ऐका

आजची गोष्ट व्हीलचेअर टेबल टेनिसची. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ अगदी पहिल्या, १९६० च्या रोम स्पर्धेपासून आहे. १९७२ मध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकणारे आपले मुरलीकांत पेटकर, तेसुद्धा १९६८ ला तेल अवीवमध्ये टेबल टेनिस खेळले होते. पण या खेळात भारताचं पहिलं पदक यायला २०२१ उजाडलं. ते आणलं भाविनाबेन पटेलने.

गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातली ही मुलगी. वर्षाची असताना पोलिओ झाला. अहमदाबादला ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये कॉम्प्युटर शिकायला गेली आणि तिथेच हातात बॅट आली. २०११ मध्ये ती जागतिक क्रमवारीत दुसरी होती. २०१६ ला रिओसाठी पात्र ठरली, पण तांत्रिक कारणाने जाता आलं नाही. म्हणजे टोकियो हेच तिचं पहिलं पॅरालिम्पिक.

आता जरा नियम बघू. टेबल तेच, नेटची उंचीही तीच. फरक सर्व्हिसमध्ये. चेंडू समोरच्याच्या मागच्या कडेवरूनच बाहेर जायला हवा. बाजूने निसटला तर सर्व्हिस पुन्हा. पळता येत नाही, त्यामुळे चेंडू नेमका कुठे टाकायचा, यावर सगळा खेळ.

टोकियोत पहिलीच मॅच चीनच्या झोऊ यिंगशी. ३-११, ९-११, २-११. साफ हार. तरी ती गटातून पुढे आली आणि क्वार्टर फायनलमध्ये रिओची सुवर्णविजेती बोरिस्लावा पेरिच-रांकोविचला तीन सरळ गेममध्ये हरवलं. सेमीफायनलला समोर चीनची झांग मियाओ, जिला तिने आधी एकदाही हरवलं नव्हतं. पहिला गेम गेला, पण पाचव्यात ११-८ ने मॅच खिशात! फायनलला पुन्हा झोऊ यिंग आणि पुन्हा ०-३. रौप्य.

बातम्यांमध्ये तेव्हा एकच शब्द होता, 'जिद्द'. जिद्द होतीच हो, पण जिद्द तर हरणाऱ्याकडेही असते. न हरवलेल्या खेळाडूला पाचव्या गेममध्ये पाडायला डोकं आणि हात लागतात, आणि त्याचं कौतुक मात्र राहून जातं.

पुढे २०२२ ला बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये तिने सुवर्ण जिंकलं. २०२४ ला पॅरिसच्या क्वार्टर फायनलमध्ये परत झोऊ यिंग. हार १-३, पण पहिला गेम १२-१४ पर्यंत ताणला आणि तिसरा चक्क जिंकला. पदक नाही मिळालं, म्हणून ही मॅच फारशी कुणी बघितलीच नाही. तुम्ही नक्की बघा.

भेटू पुढच्या भागात!