पिंपरीची माती आणि हॅमायसिन

पुण्याहून लोणावळ्यास निघालेली गाडी पिंपरीस थांबते, तेव्हा प्रवाशाचे चित्त पुढल्या मावळच्या डोंगरांत गुंतलेले असते. लोहगड-विसापूरचा इतिहास आपण मुलांस आवडीने सांगतो. परंतु याच वाटेवर घडलेला एक अलीकडचा इतिहास मात्र विस्मृतीत पडला आहे.

मावळात उगम पावलेली पवना पिंपरीवरून वाहते. या पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले, आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिन होऊ लागले. देशाची मोठी निकड त्याने भागविली, यात संशय नाही. परंतु प्रत्येक वरदानास अट असते. आपल्या शरीरात निरुपद्रवी जंतूंचा एक शेजार नांदत असतो आणि तो कँडिडा नामक किण्वास आवरून धरितो. जंतुनाशक औषधाने हा शेजार उठला की किण्वास मोकळे रान मिळते. मग तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर चढतो. स्त्रियांस योनिमार्गात कंड व दाह होतो, आणि लज्जेमुळे त्या तो मुकाट्याने सोसतात.

या शत्रूवर पेनिसिलिन चालत नाही. 1950 साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन विदुषींनी मातीतील सूक्ष्म जीवापासून निस्टॅटिन शोधून काढले. पुढे 1961 च्या सुमारास पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका जीवापासून हॅमायसिन मिळविले. त्या जीवास त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. अशा रीतीने एका मराठी गावाचे नाव शास्त्राच्या लॅटिन परिभाषेत कायमचे जाऊन बसले! किण्वाच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. हे औषध त्यास चिकटून आवरणास छिद्रे पाडते. जंतूंच्या ठायी ते द्रव्य नसल्यामुळे त्यांस हे औषध बाधत नाही. ज्या कारखान्याने पेनिसिलिन दिले, त्यानेच त्याच्या मागून येणाऱ्या विकारावरचा उताराही दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु उतारा हाताशी आहे म्हणून विष पिण्यात शहाणपण नव्हे. साध्या पडशास जंतुनाशक औषध घेणे, शेजारणीस लागू पडलेले मलम वैद्यकीय सल्ल्यावाचून आपणही लावणे, मधुमेहाकडे काणाडोळा करणे, या गोष्टी किण्वास आमंत्रणच होत. औषधांचा असा अविचारी वापर वाढला की किण्वे त्यांस दाद देईनाशी होतात. 2009 साली जपानात प्रथम वर्णिलेले ‘कँडिडा ऑरिस’ आज अनेक औषधांस जुमानीत नाही. अंग कोरडे व स्वच्छ ठेवावे, औषध नेमके व पुरते घ्यावे, आणि दुखणे लाजेपोटी लपवू नये, हाच खरा प्रतिबंध होय. पिंपरीच्या मातीने एकदा आपली लाज राखली. पुन्हा पुन्हा तिची परीक्षा पाहू नये.