संतपटांची परंपरा आणि नटाचा चेहरा



पूर्व खानदेशात तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळ मुक्ताईनगर वसले आहे. त्याचे जुने नाव एदलाबाद. शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, विजेच्या कडकडाटात मुक्ताई याच तापीतीरी अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मुक्ताईचे किंवा तिच्या भावंडांचे त्या काळचे एकही चित्र आपणापाशी नाही. तरीही ज्ञानेश्वर म्हटले की कित्येकांच्या डोळ्यांपुढे शाहू मोडक उभे राहतात, आणि तुकाराम म्हटले की विष्णुपंत पागनीस. हे कसे घडले, आणि एका उत्तम चित्रपटामागून येणारे चित्रपट आपली निराशा का करतात, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रभात कंपनीने १९३५ साली ‘धर्मात्मा’ हा एकनाथांवरील बोलपट काढला. दिग्दर्शक शांताराम आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! परंतु ज्यांना शालू-शेल्यात पाहण्याची रसिकांना तीस वर्षांची सवय, त्यांना संताच्या वेषात स्वीकारणे जड गेले. अपेक्षेप्रमाणे यश लाभले नाही आणि प्रभात व बालगंधर्व यांचा योग तेथेच संपला. पुढच्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हाती घेतला, तेव्हा नाव पुढे आले ते पागनीसांचे. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजलेले! पहिला अनुभव ताजा असताना पुन्हा तोच धोका का पत्करावा, अशी शंका खुद्द दिग्दर्शकांच्याच मनात होती, असे सांगतात. पण पागनीसांचा मूळ पिंड भजनाचा होता. चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि पागनीसांची तुकारामवेषातील छबी घरोघरी देवादिकांच्या तसबिरींशेजारी लागली.

मग मागणी वाढली. प्रभातने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ साली ‘संत सखू’ काढले. इकडे पागनीस अन्य कंपन्यांच्या ‘संत तुलसीदास’ आणि ‘नरसी भगत’ या चित्रपटांत पुन्हा संतच झाले. शाहू मोडक ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते बालकृष्ण झाले होते. त्यांना प्रेक्षकांनी ज्ञानेश्वर म्हणून मनोभावे हात जोडले. म्हणजे नट कोण, कोणत्या धर्माचा, पूर्वी काय करीत होता, हे वाद अखेरीस पडद्यावरच मिटतात.

मात्र ‘ज्ञानेश्वर’ यशस्वी झाला तरी ‘तुकाराम’ची सर त्याला आली नाही, आणि ‘सखू’ त्याहून फिकी पडली, असे मला वाटते. कारण शोधू गेल्यास ते नटांत सापडत नाही. ‘तुकाराम’चा खरा जीव गौरीबाईंच्या आवलीत आहे. नवरा विठ्ठलात रंगलेला, घरात दाणा नाही, मूल आजारी. ती देवळात जाऊन खुद्द देवालाच खडसावते. चमत्कार आणि चूल यांचे हे भांडण आहे, म्हणून चमत्कारही खरा वाटतो. पुढल्या चित्रपटांनी टाळ, वेष, चमत्कार हे सारे उचलले. चालणारी भिंतही दाखविली. पण खडसावणारे माणूस मागेच राहिले.

आणि येथेच मुक्ताईची आठवण येते. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला समजावणारी, आणि चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेवांची गुरू झालेली ही धाकटी बहीण. कथेतील आवलीची जागा संतत्वासह तिच्याकडे होती. तिच्या नावाचा चित्रपट, दिग्पाल लांजेकर यांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’, पडद्यावर आला तो २०२५ साली. त्याच दिग्दर्शकांच्या शिवचरित्रावरील मालिकेत २०१८ च्या ‘फर्जंद’पासून २०२३ च्या ‘सुभेदार’पर्यंत पाच चित्रपटांत चिन्मय मांडलेकर शिवराय झाले. ही भूमिका यापुढे करणार नाही, असे त्यांनी २०२४ साली सांगितले, तेव्हा आता शिवराय कोण, ही चर्चा घरोघरी झाली. नव्वद वर्षांपूर्वीचीच ती चर्चा!

चर्चा अवश्य करावी. परंतु पुढचा भाग पाहावयास जाताना चेहरा तोच आहे का, एवढेच विचारू नये. त्या चेहऱ्याला ताटी उघडावयास लावणारे कोणी कथेत आहे का, हे विचारावे. आषाढीपूर्वी कोथळीहून मुक्ताईची पालखी निघते आणि तापीतीरापासून पंढरीपर्यंतचा लांबचा पल्ला पायी तोडते. त्या पालखीत पादुका असतात, चेहरा नसतो. तरीही लोक शतकानुशतके तिच्यामागून चालत आहेत.