फोल्डरमधील फाइलींची नोंदवही : ओळख शेल स्क्रिप्टची

- प्रतिनिधी

घरातील वा कचेरीतील संगणकावर वर्षानुवर्षांची छायाचित्रे, पत्रे आणि हिशेब साठत जातात. कोणती फाइल किती मोठी, ती कोणाच्या मालकीची आणि शेवटची कधी बदलली, हे माऊसच्या साह्याने एकेक करून पाहणे शे-पन्नास फाइलींपर्यंत ठीक. संख्या हजारांत गेली की ते अशक्य होते. अशा वेळी शेल स्क्रिप्ट उपयोगी पडते. वापरकर्त्याने टाइप केलेली आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचविणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली साधी मजकुराची फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सच्या कामास प्रारंभ केला. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला 'बॅश' १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे लिनक्सवर रुळला. अॅपलच्या मॅक संगणकांवर २०१९ पासून 'झेड शेल' हा मूळ पर्याय आहे, तर विंडोज १० मध्येही २०१६ पासून लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची सोय झाली.

एका ओळीत काय दिसते?

'एलएस' ही आज्ञा फोल्डरमधील नावे दाखविते. तिच्यापुढे जागा सोडून आडवी रेघ व 'एल' हे अक्षर लिहिले की प्रत्येक फाइलीचा तपशील एकेका ओळीत येतो. ओळीतील पहिले चिन्ह प्रकार सांगते: 'डी' असेल तर फोल्डर, आडवी रेघ असेल तर साधी फाइल. पुढील नऊ चिन्हे म्हणजे मालक, त्याचा गट आणि इतर यांना असलेले वाचण्याचे, लिहिण्याचे व चालविण्याचे अधिकार. त्यानंतर दुव्यांची संख्या, मालक, गट, बाइटमधील आकार, तारीख आणि शेवटी नाव. टिंबाने सुरू होणारी नावे एरवी लपलेली असतात. ती पाहण्यासाठी 'ए' हे अक्षर जोडावे लागते.

यातील तारखेचा अर्थ नीट समजून घ्यावा. ती फाइल तयार झाल्याची नव्हे, तर मजकूर शेवटचा बदलल्याची तारीख असते. साध्या 'सीपी' आज्ञेने केलेल्या प्रतीवर प्रत काढल्याची वेळ पडते. मूळ तारीख राखायची तर 'पी' हे अक्षर जोडावे लागते. त्यामुळे एखादा दस्तऐवज केव्हा तयार झाला, याचा पुरावा म्हणून ही तारीख पुरेशी नाही.

यादी माणसासाठी, यंत्रासाठी नव्हे

नवशिके बहुधा 'एलएस'ने दिलेली ओळ मोकळ्या जागांवर तोडून त्यातून नाव काढतात. चूक नेमकी येथेच होते. फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट वगळता कोणतेही चिन्ह चालते, मोकळी जागाही. 'गणपती २०२४' हे नाव अशा स्क्रिप्टमध्ये दोन तुकड्यांत फुटते. स्क्रिप्टचे काम जुन्या फाइली पुसण्याचे असेल आणि 'गणपती' नावाची दुसरी फाइल तेथे असेल, तर भलतीच फाइल नष्ट होते. 'आरएम' आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

सुरक्षित स्क्रिप्टची रचना पुढीलप्रमाणे असते:

१. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा मार्ग लिहावा.

२. 'फॉर' या चक्रात टिंब, तिरपी रेघ व तारांकन सलग द्यावे. शेल स्वतःच एकेक नाव अखंड पुरवितो. आडव्या रेघेने सुरू होणारे नावही मग पर्याय म्हणून वाचले जात नाही.

३. प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवून 'स्टॅट' आज्ञेस द्यावे. लिनक्सवर 'सी' या पर्यायापुढे टक्केचिन्हासह 'एस' लिहिल्यास आकार, 'वाय' लिहिल्यास तारीख व 'एन' लिहिल्यास नाव मिळते. ही अक्षरे लहान लिपीतील असावीत. मॅकवर पर्याय 'एफ' असून खुणाही वेगळ्या आहेत.

४. निष्पन्न यादी 'पेक्षा मोठे' या चिन्हाने दुसऱ्या फोल्डरमधील फाइलीत उतरवावी. चिन्ह एकदा दिल्यास त्या फाइलीतील जुना मजकूर पुसला जातो, दोनदा दिल्यास नवा मजकूर खाली जोडला जातो.

उपफोल्डरांतील फाइलीही हव्या असतील तर 'फाइंड' ही आज्ञा अधिक सोयीची.

मराठी नावांविषयी

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपुढे जाऊ शकत नाही.

स्क्रिप्ट प्रथम केवळ यादी देण्यापुरतीच चालवावी आणि ती यादी स्वतः वाचावी. पुसण्याची वा हलविण्याची आज्ञा त्यानंतरच जोडावी.