डोंगरातील भेग आणि दरड

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत कठीण बेसॉल्टवर झिजलेल्या खडकाचा व मातीचा थर असतो. उतारावर तो स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि वरच्या बाजूस ताण पडून भेग उमटते. प्लास्टिकच्या बादलीतील चिरेप्रमाणेच भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो व ती वाढते. अतिवृष्टीत भेगेत साचलेले पाणी तिला आतून रेटते. खोल मुरलेले पाणी थराची पकड सैल करते. मग सारा थर घसरतो. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे, तर जुलै २०२१मध्ये तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडींनी बळी घेतले. पावसाळ्यात उतारावर नवी भेग दिसताच वस्ती तातडीने हलवणे, हाच जीव वाचवण्याचा खात्रीचा उपाय होय.