कोंकणचे इस्राएली सण आणि ख्रिस्ती श्रद्धा

चिपळुणाच्या माथ्यावर परशुरामाचा डोंगर आहे. खालीं वाशिष्ठी नदी वळणें घेत खाडीकडे जाते. या डोंगराची एक कथा सह्याद्रिखंडांत आलेली आहे. समुद्रांतून वाहून आलेलीं चौदा प्रेतें परशुरामानें अग्नीनें पावन करून उठविलीं व त्यांच्यापासून चित्पावनांचा वंश चालला, असें ती कथा सांगते. याच किनाऱ्यानें उत्तरेकडे गेलें म्हणजे अलिबागेजवळ नवगांव लागतें. तेथेंहि अशीच एक कथा सांगतात. एक गलबत खडकावर आपटून फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल लोकांचा विस्तार झाला. दोन्ही कथांत समुद्र आहे, दोन्हींत चौदा माणसें आहेत. एवढ्यावरून दोन्ही समाज एका रक्ताचे ठरत नाहींत. परंतु बुडालेल्यांतून नवें कूळ उभें राहतें ही कल्पना या किनाऱ्याला किती जवळची आहे, हें त्यांवरून दिसतें.

बेने इस्राएल नक्की केव्हां आले याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानें मात्र एवढें दाखविलें कीं त्यांच्या वंशांत पश्चिम आशियांतील यहुदी अंश आहे आणि हिंदुस्थानी अंशहि भरपूर आहे. शतकानुशतकें ते कोंकणांतल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत आणि गांवाच्या नांवापुढें ‘कर’ लावून आडनांवें घेत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. त्यांच्यापाशीं धर्मग्रंथ उरला नव्हता. हिब्रू भाषा विसरली होती. ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारा ‘शमा’ हा मंत्र, आठव्या दिवशींची सुंता, शब्बाथाची विश्रांति, खवले व पर नसलेल्या मासळीचा निषेध आणि कांहीं सण, एवढाच काय तो ठेवा शिल्लक होता.

या सणांचीं नांवें ऐकण्यासारखीं आहेत. त्यांची नोंद हायम सॅम्युएल केहिमकर या बेने इस्राएल गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या इतिहासांत करून ठेविली आहे. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर येई खिरीचा सण. त्या दिवशीं नव्या धान्याची नारळाच्या रसांतली खीर करून, ऊद जाळून, शमा म्हणत. प्रायश्चित्ताच्या महादिवसास ते दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशीं दारें लावून घेऊन, पांढरीं वस्त्रें नेसून, उपाशी राहून, कोणाशींहि संपर्क न ठेवतां घरांत बसत. दुसऱ्या दिवशीं शिळा सण; त्या दिवशीं दानधर्म व भेटीगांठी होत. पुरीमाचा सण होळीच्या सुमारास येई, म्हणून त्याला होळीचा सण हेंच नांव पडलें. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस हा बिरड्याचा सण झाला, कारण त्या दिवशीं वालाचें बिरडें खाण्याचा प्रघात होता.

या सर्वांत विलक्षण नांव आहे ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे कालवणासाठीं आंबट रस भरून ठेवण्याचें मडकें. ढाकणें म्हणजे झांकणें. वसंत ऋतूंतील पौर्णिमेच्या सुमारास हें मडकें झांकून ठेवीत व सणाच्या दिवसांत त्याला हात लावीत नसत. हें कशासाठीं, हें कोणाला सांगतां येत नव्हतें. मिसर देशांतील दास्यांतून इस्राएल लोक एका रात्रींत निघाले, कणीक आंबूं देण्यासहि वेळ मिळाला नाहीं, म्हणून त्या स्मृतिदिनांत आंबवलेलें कांहीं खाऊं नये, ही मूळ कथा पुसून गेली होती. मोशे विसरला होता, फारोह विसरला होता, तांबडा समुद्र विसरला होता. मडकें झांकण्याचें मात्र कोणी विसरलें नाहीं. समाजाची स्मृति केवळ पोथींतच राहते असें नव्हे. ती स्वयंपाकघरांतहि राहते, आणि कधीं कधीं तेथेंच ती अधिक काळ टिकते.

ही विसरलेली कथा पुन्हां कोणीं सांगितली, हा या इतिहासांतला अनपेक्षित भाग होय. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणें पहिला उपकार दावीद राहाबी या परदेशी यहुद्याचा. त्यानें त्यांस ओळखलें व कांहीं जणांस धर्मविधि शिकवून काजी नेमलें. मुंबईत 1796 सालीं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. परंतु जुन्या कराराचें मराठींत वाचन त्यांस मोठ्या प्रमाणावर घडविलें तें ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं. 1813 सालीं अमेरिकन मिशनचें काम मुंबईस सुरू झालें. 1823 सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटास ठाणें केलें व पुढें हर्णैसहि शाळा चालविल्या. जॉन विल्सन 1829 सालीं याच किनाऱ्यावर मराठी शिकले आणि पुढें मुंबईस गेले. बेने इस्राएल मुलांसाठीं त्यांनीं 1832 सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून छापलें.

मिशनऱ्यांचा हेतु उघड होता. जुना करार वाचतां वाचतां हे लोक नव्या कराराकडे वळतील, अशी त्यांची आशा होती. ती बहुतांशीं फळास आली नाहीं. मुलें शाळेंत गेलीं, हिब्रू शिकलीं, निर्गमाची कथा त्यांनीं वाचली, आणि आपल्या घरांतील मडकें कां झांकतात हें त्यांस कळलें. तीं ख्रिस्ती होण्याऐवजीं अधिक जाणते यहुदी झालीं. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांचें शिक्षण मिशनच्याच विद्यालयांत झालें. पुढें ते डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले व यहुदी प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें त्यांनीं हयातभर केलीं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी अनुवादासह मुंबईस 1846 सालीं शिळाछापावर निघाली. 1874 सालीं पुण्यास निघालेल्या हग्गादेंत तर लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत असल्याचें चित्र आहे. झांकलेल्या मडक्याला त्याची कथा परत मिळाली, आणि ती मराठींत मिळाली.

आतां प्रश्न असा कीं, या सणांचा ख्रिस्ती माणसाशीं संबंध काय? संबंध मुळाशींच आहे. येशू जन्मानें व आचरणानें यहुदी होता. हे सण त्यानें पाळले. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणें त्याचें शिष्यांबरोबरचें अखेरचें जेवण हें वल्हांडणाचेंच जेवण होतें. योहानाच्या शुभवर्तमानांत वल्हांडणाचीं कोंकरें मारण्याच्या दिवशींच तो वधस्तंभावर जातो. दोहोंचा कालक्रम जुळत नाहीं, परंतु अभिप्राय एकच आहे: त्याच्या मरणाचा अर्थ वल्हांडणाच्या भाषेवांचून सांगतां येत नाहीं. दाराच्या चौकटीवरील कोंकराचें रक्त, दास्यांतून सुटका, घाईची बेखमीर भाकरी, हे शब्द काढून टाकले तर प्रभुभोजनांत उरतें काय? पौलानें करिंथच्या मंडळीस जुनें खमीर काढून टाकण्यास सांगितलें, तेंहि याच सणाच्या आधारानें. आंबट मडकें झांकणारी कोंकणी गृहिणी तो उपदेश कोणत्याहि भाष्यावांचून समजली असती.

दुसरे सणहि असेच आहेत. पेंटेकॉस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थ पन्नासावा. वल्हांडणानंतर पन्नास दिवसांनीं गव्हाच्या पहिल्या पिकाचें अर्पण होई, आणि पुढें यहुदी परंपरेनें सीनाय पर्वतावरील नियमशास्त्राच्या दानाचें स्मरण त्यास जोडलें. त्याच दिवशीं शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, असें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलें आहे. दारफाळणीच्या दिवशीं यरुशलेमच्या मंदिरांत महायाजक वर्षांतून एकदांच परमपवित्र स्थानीं जाई. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सारा युक्तिवाद या एका प्रवेशावर उभा आहे. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा हनुक्का हा सण बेने इस्राएलांस प्राचीन काळीं ठाऊक नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानांत मात्र येशू त्याच सणाच्या वेळीं, हिवाळ्यांत, मंदिरांत फिरत असल्याचा उल्लेख आहे.

शब्दहि साक्ष देतात. मराठी बायबलांत या सणाला वल्हांडण म्हणतात. ओलांडणें या क्रियेशीं त्याचें नातें आहे. गोव्याचे ख्रिस्ती लोक ईस्टरला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. हा पास्क पोर्तुगीजांतून आला, पोर्तुगीजांत तो लॅटिन व ग्रीकांतून आला, आणि त्याचें मूळ हिब्रू ‘पेसाख’ हेंच. पंडिता रमाबाई संपूर्ण बायबल मराठींत आणावयास निघाल्या तेव्हां त्यांनीं त्यासाठीं हिब्रू व ग्रीक या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. त्या 1922 सालीं वारल्या आणि त्यांचें भाषांतर 1924 सालीं बाहेर पडलें. ज्या चित्पावनांची मूळकथा परशुरामाच्या डोंगरावर सांगतात, त्याच कुळांतील ही विदुषी. मुळाकडे गेल्यावांचून ख्रिस्ती शास्त्राचा अर्थ लागणार नाहीं, हें तिनें कष्टानें ओळखलें होतें.

परंतु या किनाऱ्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या काळीं चिपळुणाच्या उत्तरेस शनवार तेली निर्धास्तपणें आपलें मडकें झांकीत होते, त्याच काळीं दक्षिणेस गोव्यांत तो गुन्हा होता. तेथें 1560 सालीं इन्क्विझिशन स्थापन झालें. पूर्वी यहुदी असलेल्या कुळांतील ख्रिस्ती लोकांनीं गुप्तपणें जुने उपास व सण पाळल्याचा संशय आला तरी त्यांवर खटला होई. वनौषधींवर 1563 सालीं गोव्यांत ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता जिवंतपणीं सुटला. पण 1569 सालीं त्याच्या बहिणीस जाळण्यांत आलें आणि 1580 सालीं त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या सणाच्या नांवानें ईस्टर साजरा होत होता, तोच सण पाळल्याबद्दल माणसें चितेवर जात होतीं. युरोपांतहि मध्ययुगांत ईस्टरचा सप्ताह यहुद्यांना भीतीचा वाटे.

असें कां झालें? 325 सालच्या नायसीयाच्या परिषदेनें ईस्टरची तिथि यहुदी गणनेवर अवलंबून ठेवूं नये असें ठरविलें. तें पंचांगाचें वेगळेपण पुढें मनाचें वेगळेपण झालें. सण ही केवळ छाया होती, खरी वस्तु आल्यावर छायेचें काम संपलें, आणि छायेला धरून बसणारे आंधळे, अशी शिकवण रूढ झाली. तिचें उघड खंडन होण्यास फार काळ गेला. 28 ऑक्टोबर 1965 रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें येशूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर ठेवण्याचें नाकारलें व या दोन धर्मांतील समान वारसा मान्य केला.

आज कांहीं ठिकाणीं ख्रिस्ती मंडळ्या वल्हांडणाचें जेवण स्वतः मांडूं लागल्या आहेत. त्यांचा हेतु चांगला असला तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. यहुदी घरांत आज होणारा तो विधि 70 सालीं मंदिर नष्ट झाल्यानंतर घडत गेला. येशूनें पाळलेला विधि हुबेहुब तोच नव्हे. दुसऱ्याच्या देवघरांतील समई उचलून आणल्यानें आपलें घर उजळत नाहीं; त्या घरीं ती कशी तेवते हें आदरानें पाहावें, म्हणजे आपल्याच दिव्याचें तेल कोठून आलें तें कळतें.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशास गेले. कोंकणांत व मुंबईत थोडीं कुटुंबें राहिलीं. 2016 सालीं महाराष्ट्र शासनानें यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. खेड्यांतले घाणे थांबले. पण त्यांनीं या भूमीला दिलेला धडा थांबलेला नाहीं. ज्यांस सणाचा अर्थ ठाऊक नव्हता त्यांनीं तो निष्ठेनें पाळला. ज्यांस अर्थ ठाऊक असल्याची खात्री होती त्यांनीं तो पाळणाऱ्यांस जाळलें. ख्रिस्ती माणूस प्रभुभोजनाची भाकरी हातीं घेतो तेव्हां ती मूळची कोणाच्या घरची, हें त्यानें विसरतां कामा नये. त्या घरचे लोक अजून आहेत, त्यांचा सण अजून त्यांचाच आहे. आणि शेजारधर्म हाहि, येशूच्याच शिकवणीप्रमाणें, श्रद्धेचा गाभा आहे.