काष्ठशिल्प : पटाशी, मोगरी आणि गुरुपरंपरा

सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आपण जिनमंदिरांच्या शिल्पवैभवाचे स्मरण करतो, तेव्हा दृष्टीसमोर देलवाडा आणि राणकपूर येथील संगमरवर उभा राहतो. तथापि आपल्या पूर्वजांनी तितक्याच भक्तिभावाने लाकडातही मंदिरे घडविली, ही गोष्ट नव्या पिढीस फारशी ज्ञात नाही.

पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सागवानी मंडप इ. स. 1596 च्या सुमारास, अकबराच्या राजवटीत, कोरला गेला. त्याच्या घुमटाखाली वाहनारूढ अष्टदिक्पाल, वादक आणि नर्तकी कोरलेल्या आहेत. 1916 पासून हा मंडप न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो देणाऱ्यांपैकी लॉकवुड डी फॉरेस्ट यांनी 1881 मध्ये मगनभाई हठीसिंग या जैन श्रेष्ठींच्या सहकार्याने अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला होता. मंडप विकत घेता येतो. मात्र तो घडविणारा हात पिढ्यान्पिढ्या शिकवूनच तयार करावा लागतो, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्रातही ही कला नांदत होती. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब पेशवाईच्या अखेरच्या पर्वाची साक्ष देतात. 1879 च्या आगीत त्या वाड्याचा काही भाग नष्ट झाला. राजाश्रय संपल्यावर सुतारांची घराणी विखुरली. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1891 मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली आणि घरात शिकवली जाणारी ही विद्या वर्गात शिकवली जाऊ लागली.

ही विद्या हस्तगत करण्याचा क्रम कठोर आहे. शिकाऊ मुलास प्रथम नक्षी नव्हे, तर हत्यारांना धार लावणे शिकवतात; कारण बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते. मग मुरलेले सागवान पारखणे, करवतीने कापणे आणि रंध्याने साफ करणे येते. कागदावरील आकृती लाकडावर उतरवून सरळ पटाशीने तिची कड कापतात, सभोवतालची जमीन खोल नेतात आणि अखेरीस गोल पटाशीने पाकळीस उठाव देतात. मोगरीचा घाव हलका हवा आणि हाताला लाकडाच्या रेषांची दिशा कळायला हवी. उलट्या दिशेने एक घाव बसला तरी कित्येक दिवसांचे काम वाया जाते.

आम्हा कापडव्यापाऱ्यांचेही या कलेशी जुने नाते आहे. छापील कापडाचे सागवानी ठसे याच हत्यारांनी कोरतात. गांधीनगरजवळील पेथापूर हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील ठशांनी छापलेले सौदागिरी कापड एके काळी सयामला जात असे. यंत्रछपाई आली आणि ठसा कोरणाऱ्यांची मागणी घटली. गिऱ्हाईक गेले की विद्याही मागोमाग जाते, हा बाजाराचा नियम येथेही खरा ठरला.

म्हणूनच समाजबांधवांना नम्र विनंती आहे. घरातील जुने लाकडी देरासर भंगारात देण्यापूर्वी जाणकार सुतारास दाखवावे. जीर्णोद्धाराचे काम देताना कारागिरासोबत एक-दोन शिकाऊ मुले असावीत, अशी अट घालावी आणि त्यांचे वेतन देणगीतून द्यावे. मूर्तीच्या प्रतिष्ठेइतकेच ती घडविणाऱ्या विद्येचे रक्षण हेही पुण्यकर्मच होय.