चांद्याचे दप्तर आणि घरातले यंत्र

१८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तेव्हा त्यासोबत चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, विस्तीर्ण वनमुलूखही इंग्रजी अंमलाखाली गेला; आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८६९ साली, मेजर ल्यूसी स्मिथ यांनी या जिल्ह्याच्या जमीनमहसुली बंदोबस्ताचा जो अहवाल सिद्ध केला, त्याने येथील गावे, तलाव, मालगुजार आणि रयत यांची सुविहित नोंद छापील पानांवर आणली. परंतु नोंद कितीही काळजीने केलेली असो, ती पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून जुनी होऊ लागते. कूळ मरते, वारस उभे राहतात, बांध सरकतो, पडीत जमीन वहितीस येते, नदी पात्र बदलते. म्हणूनच दरसाल शेतोशेत फिरून खसरा आणि नकाशा यांचा प्रत्यक्ष जमिनीशी ताळा घालण्याची जबाबदारी पटवाऱ्यावर सोपविण्यात आली. पुढे विदर्भ महाराष्ट्रात आला, १९६६ची जमीन महसूल संहिता लागू झाली, पटवाऱ्याचा कागदोपत्री तलाठी झाला आणि गावाच्या दप्तरात सातबारा आला. तरी फेरफाराची नोंद, त्यावर हरकती मागविणे आणि रुजुवात करून ती मंजूर करणे हा क्रम कायम राहिला. ज्या घराने फेरफार वेळेवर करून घेतला नाही, त्या घराच्या पुढच्या पिढीला तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हा अनुभव या भागात नवा नाही.

आज चंद्रपूर किंवा गडचिरोलीतील महाविद्यालयीन तरुणाच्या टेबलावर जो गेमिंग लॅपटॉप असतो, त्याच्या प्रणालीची आणि ड्रायव्हरांची निगा राखण्याच्या प्रश्नाला मी या जुन्या दप्तराच्या वाटेने जाऊ इच्छितो. दोन्हींत एकच सत्य आहे: जे सतत बदलणाऱ्या जगाशी बांधलेले असते, त्याची नोंद वेळोवेळी दुरुस्त करावी लागते, आणि ते काम नेमून दिलेला कोणी नसेल तर ते होत नाही. या भागात यंत्रे आली, ती चालविणारे आले, परंतु त्यांना अद्ययावत ठेवण्याचे काम नक्की कोणाचे, याचा निवाडा फार काळ झाला नाही. या इतिहासाचा सारांश मला तोच दिसतो.

संगणक या प्रदेशात प्रथम सरकारी दप्तराच्या वाटेनेच आला. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा मुख्यालये उपग्रहाच्या जाळ्याने दिल्लीशी जोडण्यास आरंभ केला. आणि १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत महाराष्ट्रातून निवड झाली ती चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याची. गडचिरोली जिल्हा त्या वेळी अवघ्या सहा-सात वर्षांचा होता, कारण २६ ऑगस्ट १९८२ रोजीच तो जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला होता.

त्या पहिल्या पिढीच्या यंत्रांवर मराठी लिहिणे हीच मोठी कसोटी होती. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र देवनागरीसाठी संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवीत असे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. यानंतर विंडोज आली, तिच्यासोबत निरनिराळ्या संस्थांचे निरनिराळे फॉन्ट आले, आणि एका कचेरीत टंकलिखित झालेला मजकूर दुसऱ्या कचेरीच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटू लागला. मजकूर शाबूत होता, यंत्रही शाबूत होते. केवळ दोन्ही ठिकाणची मधली साधने एकमेकांशी जुळत नव्हती. युनिकोडचा स्वीकार होऊन विंडोज २००० आणि त्यानंतर विंडोज एक्सपी यांत देवनागरीची सोय अंगभूत झाली, तेव्हा कोठे हा गोंधळ ओसरू लागला. आणि ज्यांनी आपली प्रणाली बदलली नाही, त्यांच्या कपाटात तो पुढे अनेक वर्षे राहिला. प्रणाली जुनी राहिल्याने काय गमवावे लागते, याचा पहिला धडा मराठी माणसाला आपल्या लिपीच्या निमित्ताने मिळाला.

घरगुती संगणकाची कथा याहून वेगळी झाली. १९८३ साली चंद्रपुरात राजीव गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९६ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. २००१ साली एमकेसीएलची स्थापना होऊन एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले, आणि त्यांच्या आगेमागे संगणक दुरुस्तीची दुकानेही आली. प्रणालीतील बदल इंटरनेटवरून मागविण्याची सोय विंडोज ९८ पासून होती, आणि भारतात सामान्य जनतेसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले होते. परंतु टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला फार तर ५६ किलोबिट या गतीने आजच्या एखाद्या ड्रायव्हराएवढे, समजा ६०० मेगाबाइट, उतरवून घ्यायचे म्हटले, तर एकही खंड न पडता एक अहोरात्र लागला असता. तेव्हा ड्रायव्हर यायचे ते यंत्रासोबतच्या सीडीवर, आणि ती सीडी हरवली की दुकानदाराच्या पाकिटातील सीडीवर. यंत्र मंदावले की त्यावर ठरलेला इलाज एकच, फॉरमॅट मारणे. विंडोज पुन्हा टाकायची, वर ड्रायव्हर टाकायचे, आणि दोन-चार वर्षांपूर्वीच्या स्थितीत यंत्र परत द्यायचे. त्यातच बहुसंख्य प्रती विनापरवाना असत, आणि २००५ पासून कंपनीने अस्सलपणाची तपासणी सुरू केल्यावर, अपडेट केले तर विंडोज पकडली जाईल या भीतीने ते बंदच करून ठेवण्याचा प्रघात पडला. दुकानदार या व्यवहारात दोषी होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यापाशी जेवढी साधने होती तेवढ्यांत त्याने गावाचे काम चालविले. परंतु अपडेट म्हणजे संकट, ही समजूत त्या काळाने मागे ठेवली आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही.

विजेची अवस्थाही या समजुतीस पोषक होती. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, ज्याची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे, १९८३ पासून राज्याला वीज पुरवीत आले; तरी या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने अवघा ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात बसत असे. यंत्राला जागे करणारी जी मूळ आज्ञावली, जिला आपण बायोस म्हणतो, ती बदलत असता मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा उठतच नाही. म्हणून बायोसला हात लावू नये, हा त्या काळच्या दुरुस्तीकारांचा दंडक रास्त होता. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. ती पुरेशी भरलेली असून चार्जर जोडलेला असल्याखेरीज बहुतेक लॅपटॉप हे काम सुरूच करीत नाहीत. परिस्थिती पालटली आहे, दंडक मात्र तसाच ऐकू येतो.

जगात याच सुमारास दुर्लक्षाचे परिणाम उघड होत गेले. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने आशियातील असंख्य संगणकांच्या हार्ड डिस्कवरील मजकूर पुसला आणि काहींचा बायोसही निकामी केला. भारतही त्यातून सुटला नाही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा परिपाठ घातला, जो आजही चालू आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांतील यंत्रे ओलीस धरली, तेव्हा ज्या छिद्रातून ती शिरली त्याची दुरुस्ती त्याच वर्षीच्या १४ मार्चला, म्हणजे दोन महिने अगोदर, उपलब्ध झालेली होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने, अंशतः त्याच छिद्राचा आधार घेऊन, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज थांबविले. ज्यांनी मार्चमधली दुरुस्ती करून घेतली होती, त्यांच्या यंत्रांत त्या छिद्रातून काही शिरले नाही.

गेमिंग लॅपटॉप हे या वंशातील सर्वांत गुंतागुंतीचे अपत्य होय. त्यात प्रोसेसरसोबतचे एक आणि स्वतंत्र असे दुसरे, अशी दोन ग्राफिक्स साधने असतात. २०१० साली एनव्हिडियाने आणलेल्या ऑप्टिमस योजनेपासून काम हलके असता पहिले आणि जड असता दुसरे, अशी पाळी आपोआप बदलते. ड्रायव्हर म्हणजे प्रणालीची आज्ञा त्या त्या भागापर्यंत त्याला समजेल अशा रूपात पोचविणारी आज्ञावली. ती जुनी असेल तर नवा खेळ अडखळतो, पडदा काळा होतो, किंवा जड काम चुकून दुबळ्या साधनाकडे जाते. पंख्यांची गती आणि विजेचा पुरवठा यांचे नियमन लॅपटॉपमधील मूळ आज्ञावली करते, आणि चंद्रपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि कोळशाची धूळ हवेतच असते, तिथे या नियमनात उत्पादकाने केलेली सुधारणा यंत्राचे आयुष्य ठरवू शकते. अर्थात पंख्यातली धूळ कोणत्याही अपडेटने जात नाही. ती हातानेच काढावी लागते.

प्रत्येक नवी गोष्ट डोळे मिटून स्वीकारावी असा याचा अर्थ मुळीच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षासंस्थेच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाच दिवशी बंद पाडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवासपत्र देण्याची वेळ आणली. फेरफारालाही मंजुरीपूर्वी हरकतींची मुदत असते, ती याच कारणासाठी. सुरक्षेची दुरुस्ती तत्काळ घ्यावी. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या खेळासाठी किंवा ठाऊक असलेल्या दोषासाठी हवा असेल तेव्हा घ्यावा, आणि परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या आदल्या रात्री तर घेऊच नये. बायोस मात्र उत्पादकाने नमूद केलेले कारण वाचून, आपल्याच मॉडेलचा आहे याची रुजुवात करून, चार्जर जोडूनच बदलावा. प्रथम महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवावी, मग विंडोजच्या दुरुस्त्या, मग उत्पादकाच्या स्थळावरील चिपसेटचे ड्रायव्हर, आणि शेवटी ग्राफिक्स, हा क्रम बव्हंशी सुखरूप जातो. सर्व ड्रायव्हर एका कळीने नवे करून देण्याचे आमिष दाखविणारी त्रयस्थ साधने टाळावीत. बिघडलेला ड्रायव्हर मागील आवृत्तीवर परत नेण्याची सोय विंडोजमध्येच असते.

यात गडचिरोलीची अडचण वेगळी आणि खरी आहे. दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाने आच्छादलेल्या या जिल्ह्यात एटापल्ली, भामरागड, कोरची अशा तालुक्यांत मोबाइलचे जाळे विरळ आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. २०१६ नंतर चंद्रपूर शहरात स्वस्त झालेला डेटा तिथे सारख्याच मुक्तपणे पोचला नाही. मर्यादित डेटावर शेकडो मेगाबाइटचा ड्रायव्हर उतरविणे ही चैन ठरते. त्यावर उपाय आहेत: जोडणी मर्यादित असल्याचे विंडोजला सांगून ठेवता येते, एका यंत्राने उतरविलेले अपडेट त्याच जाळ्यावरील इतर यंत्रांना देण्याची सोय विंडोज १० पासून आहे, आणि उत्पादकाच्या स्थळावरून घेतलेला ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर नेता येतोच. पूर्वी दुकानदाराच्या सीडीने जे काम अंधारात केले, ते आता उजेडात आणि अस्सल साहित्याने करता येते.

परंतु ते करणारा नेमला पाहिजे. विंडोज १०ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असून, नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, त्यांना या मुदतीत लिनक्ससारखा पर्याय निवडावा लागेल. ही सूचना आलापल्लीच्या किंवा सिंदेवाहीच्या विद्यार्थ्यापर्यंत कोण पोचविणार? २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ, त्याची महाविद्यालये आणि तालुक्यांची ग्रंथालये यांनी महिन्यातून एक दिवस, दुसऱ्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात, आपल्या जोडणीवर विद्यार्थ्यांची यंत्रे अद्ययावत करून द्यावीत. जोडणी आहे, विद्यार्थी शिकलेले आहेत, खर्च नगण्य आहे. उणीव आहे ती केवळ कोणाच्या तरी नावाने हे काम लिहून देण्याची. प्राचार्यांनी आणि ग्रंथपालांनी ते या सत्रातच लिहून द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.